कोणती किल्ली कोणाकडे?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात आपल्याच एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला वीस मिनिटं दिली आहेत. त्यानंतर मुलांचे नाच आहेत, त्यामुळे वेळेत थांबणं माझ्याच हिताचं आहे. विषय दिलाय 'सोसायटीचे चर्चा-गट आणि त्यांच्या परवानग्या'. नाव ऐकून दोन-तीन जण चहाकडे गेलेले मला दिसले. त्यांचं काही चुकलं नाही. पण पाणी कधी येणार, थकबाकी कोणाची आहे, आणि एखाद्या मुलीला पार्किंगमध्ये कोणी त्रास दिला तर तिने कुठे सांगायचं, हे तिन्ही प्रश्न याच कंटाळवाण्या विषयात येतात. म्हणून थोडं ऐका.

मी गेली अठरा वर्षं सर्व्हर सांभाळण्याची नोकरी करते. सर्व्हर म्हणजे चोवीस तास चालू असलेला आणि इतरांच्या उपयोगी पडणारा कॉम्प्युटर. आपल्या पंपासारखा. चालू असतो तोवर कोणाला त्याची आठवण येत नाही.

गेल्या वर्षीच्या सभेत ठरलं, की मोबाइलवरचे आपले सात-आठ गट बंद करून सोसायटीचे चर्चा-गट आपल्या स्वतःच्या, भाड्याने घेतलेल्या छोट्या सर्व्हरवर आणायचे. त्यासाठी 'डिस्कोर्स' नावाची मोफत मिळणारी प्रणाली आम्ही बसवली. बसवायला एक दुपार पुरली. त्यानंतर तिने पहिलाच प्रश्न विचारला, की या गटात कोणाला काय दिसावं, कोणाला काय लिहिता यावं? त्या प्रश्नावर आम्ही तीन महिने बसलो आहोत. कारण त्याचं उत्तर कॉम्प्युटरकडे नाही, माझ्याकडेही नाही. ते तुमच्याकडे आहे.

आधी आपल्या ऑफिसातली एक वस्तू आठवा. दाराच्या मागे एक लाकडी फळी आहे, तिला हूक आहेत. प्रत्येक हुकाखाली चिठ्ठी चिकटवलेली आहे : पंपरूम, टेरेस, मीटररूम, लिफ्ट मशीनरूम, कपाट. पंचवीस वर्षांत वॉचमन किती बदलले, मोजता येणार नाहीत. पंपरूमची किल्ली मात्र तिथेच. रात्रपाळीच्या वॉचमनला ती मिळते, कारण तो रात्रपाळीचा वॉचमन आहे. त्याचं नाव काय, गाव कोणतं, त्याचं सेक्रेटरींशी पटतं की नाही, याचा संबंध नाही. ड्यूटी संपली, किल्ली हुकावर. समजा तो किल्ली खिशात घालूनच गावी गेला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत पाणी चढत नाही आणि दहा मिनिटांत तिन्ही विंगना कळतं.

मोबाइलच्या गटांमध्ये आपण किल्ली नेमकी माणसाच्या खिशात टाकली. आणि तिथे पाणी बंद होत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कोणाला कळलंही नाही.

काय काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, मी कोणाचं नाव घेत नाही. आपल्या मुख्य गटाचे ॲडमिन होते ते गृहस्थ फ्लॅट विकून परदेशी मुलाकडे गेले. माणूस सज्जन, पण तिकडे रात्र असते तेव्हा इथे पाइप फुटतो. नवीन राहायला आलेल्यांना गटात घ्यायला आठवडा लागायचा. दुसरी गोष्ट, एका आजींचा नंबर त्या गेल्यावर बंद झाला. आपल्याकडे बंद झालेला नंबर किमान नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. त्यांचा नंबर असाच कोणालातरी मिळाला, आणि एके दिवशी आपल्या गटात एका अनोळखी माणसाने लिहिलं, 'मला इथे कोणी ॲड केलंय?' आपण हसलो. पण त्याला वाटलं असतं तर सगळ्यांचे नंबर, कोण कधी गावाला जाणार आहे, कोणाच्या घरी म्हातारी माणसं एकटी आहेत, हे सगळं त्याला गप्प बसून वाचता आलं असतं.

तिसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. थकबाकीदारांची यादी त्याच गटात पडली. सभेच्या फलकावर यादी लावायची की नाही, हा सभेचा विषय आहे, त्यावर मी बोलत नाही. पण त्या गटात भाडेकरू होते, सोडून गेलेले होते, दोन इस्टेट एजंट होते. यादीतल्या एका घरात त्या महिन्यात माणूस आयसीयूत होता. त्या घरातल्या ताई पुढे कित्येक दिवस लिफ्टने येणं टाळून जिन्याने जायच्या. कोणाशी नजरानजर नको म्हणून.

यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मोबाइलवरच्या साध्या गटात दोनच दर्जे असतात, ॲडमिन आणि बाकीचे. 'फक्त ॲडमिनने लिहावं' ही सोय २०१८ मध्ये आली, तीही सगळ्या गटाला मिळून एकच. आणि एकटा ॲडमिन गट सोडून गेला तर व्हॉट्सअॅप उरलेल्यांतून कोणालाही, चिठ्ठी उचलावी तसं, ॲडमिन करतं. लग्नाच्या तयारीच्या गटाला हे चालतं. शेकडो माणसं, भाडेकरू, दुकानं, बाहेरगावचे मालक आणि लाखोंचा हिशेब असलेल्या संस्थेला चालत नाही.

आता यावर उपाय काय? तो जुना आहे आणि आपल्या फळीवरच्या हुकांसारखाच आहे.

कॉम्प्युटरच्या जगात एक जुनी पद्धत आहे, की प्रत्येक फाइलला मालक असतो. बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्समध्ये प्रत्येक फाइलवर तीन जणांसाठी तीन परवानग्या लिहिलेल्या असतात. मालकाला काय करता येईल, त्याच्या गटाला काय, बाकी जगाला काय. वाचणं म्हणजे चार, लिहिणं म्हणजे दोन, चालवणं म्हणजे एक, अशी बेरीज करून आकडा लिहायचा. ६४० लिहिलं, की मालकाला वाचता-लिहिता येईल, गटाला फक्त वाचता येईल, बाकीच्यांना काही नाही. आजही मी रोज हेच आकडे टाइप करते. कंटाळलेला माणूस ७७७ टाइप करतो, म्हणजे सगळ्यांना सगळं. आपले मोबाइलचे गट जवळजवळ ७७७ होते.

पण मोठ्या संस्थांमध्ये हे पुरेना. हॉस्पिटल घ्या. हजारो माणसं, लाखो कागद. प्रत्येक माणसाचं नाव प्रत्येक कागदासमोर लिहायचं म्हटलं तर लिहिणारा म्हातारा होईल. एक नर्स नोकरी सोडून गेली, की तिचं नाव हजार ठिकाणांहून पुसायचं, त्यातली चार ठिकाणं राहतातच. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेतल्या डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन या दोघांनी एक निबंध मांडला. त्याचं सार असं, की परवानगी माणसाला देऊच नका. परवानगी भूमिकेला द्या आणि माणसाला भूमिकेत बसवा. नर्स ही भूमिका. नर्सला काय पाहता येतं हे एकदाच ठरवा. माणूस आला की भूमिकेत बसला, गेला की उठला. खुर्ची तिथेच.

१९९६ मध्ये या कल्पनेची पद्धतशीर मांडणी करणारा निबंध आला, त्याचे पहिले लेखक रवी संधू. ते पवईच्या आपल्या आयआयटीत शिकलेले. २००४ मध्ये अमेरिकेत याचं अधिकृत मानक झालं. आज बँकेत काउंटरवरच्या माणसाला एका रकमेपर्यंतच व्यवहार करता येतो आणि पुढच्यासाठी तो मॅनेजरना बोलावतो, त्यामागे हीच भूमिकांची पद्धत आहे.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतलं आमच्याकडे कशाला? तर खरी गंमत इथे आहे. सहकाराला हे तीस वर्षं आधीपासून माहीत होतं. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा काढा, कलम ३२ वाचा. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी त्या कायद्यात वेगळं प्रकरण आलं, पण मूळ कलमाची रचना पाहण्यासारखी आहे. सभासदाला संस्थेच्या कार्यालयात, कामाच्या वेळेत, फुकट काय पाहता येईल त्याची ती यादी आहे. कायदा, नियम आणि उपविधी. शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि नफातोटा पत्रक. समितीच्या सदस्यांची यादी. सभासदांचं रजिस्टर. सर्वसाधारण सभेची आणि समितीच्या सभांची इतिवृत्तं. आणि शेवटी, हिशेबाच्या वह्यांमधला तेवढाच भाग, ज्यात त्या सभासदाचे स्वतःचे व्यवहार नोंदले आहेत.

हे शेवटचं वाक्य मी माझ्या टेबलासमोर लिहून लावलं आहे. इतिवृत्त सगळ्यांचं, ताळेबंद सगळ्यांचा, पण खतावणीतलं पान ज्याचं त्याने पाहायचं. सर्व्हरवर जे करायला मला बोलावलंय, ते त्या कलमाने एका वाक्यात करून ठेवलं आहे. त्या कलमात 'पाहणं' आहे, 'लिहिणं' नाही. सभासदाला इतिवृत्त वाचता येतं, त्यात खाडाखोड करता येत नाही. वाचणं आणि लिहिणं या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत, एवढं जरी आज घरी घेऊन गेलात तरी माझं काम झालं.

डिस्कोर्समध्ये प्रत्येक गटासाठी तीन किल्ल्या असतात. पाहता येणं, उत्तर देता येणं आणि नवीन विषय काढता येणं. चौथी किल्ली वेगळी ठेवलेली असते, माणसांना भूमिकेत बसवायची आणि उठवायची. या चार किल्ल्या कोणत्या भूमिकेला द्यायच्या, एवढाच आपला प्रश्न.

मग आम्ही भूमिका लिहायला बसलो. पहिल्यांदा लिहिलं : सभासद, भाडेकरू, कार्यकारिणी. तिसऱ्या बैठकीत लक्षात आलं, की ही वाटणी जमत नाही. बंगळुरूला राहणारे आपले एक सभासद आहेत. इथल्या घरात त्यांचा भाडेकरू राहतो. आज संध्याकाळी पाणी येणार नाही, हे बंगळुरूच्या मालकाला कळून काय उपयोग? ते कळायला हवं भाडेकरूला. उलट मोठ्या दुरुस्तीच्या वर्गणीची चर्चा भाडेकरूच्या कामाची नाही, ती मालकाच्या कामाची. म्हणजे 'सभासद असणं' आणि 'इथे राहणं' या दोन स्वतंत्र भूमिका आहेत. बहुतेकांकडे दोन्ही आहेत, म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात. सासूबाईंच्या नावावर फ्लॅट आहे आणि सून सगळं घर चालवते, तिथे सासूबाई सभासद आणि सून रहिवासी. प्लंबर कधी येणार हे सुनेला कळलं पाहिजे.

यातून एक जुनं दुखणं बाहेर आलं. मोबाइलच्या गटात प्रत्येक फ्लॅटचा एकच नंबर घ्यायचा असं कधीतरी ठरलं होतं, आणि बहुतेक घरांतून तो नंबर घरातल्या पुरुषाचा गेला. दिवसभर घरी असणाऱ्या, पाण्याची वाट पाहणाऱ्या, गॅसवाल्याला दार उघडणाऱ्या बायका त्या गटात नव्हत्याच. ऑफिसात बसलेल्या नवऱ्याने संध्याकाळी सहाला सांगायचं, की दुपारी तीनला पाणी जाणार होतं. आता मत एका फ्लॅटचं एकच राहील, त्याला कोणी हात लावत नाही. पण माहिती म्हणजे मत नव्हे. 'रहिवासी' या भूमिकेत घरातली प्रत्येक मोठी व्यक्ती बसू शकते.

आता आमचा कच्चा तक्ता सांगते.

सूचनाफलक : सगळ्यांना दिसेल, लिहील फक्त कार्यकारिणी. तिथे उत्तरंही देता येणार नाहीत. 'ओके', 'थँक्यू सर' आणि हात जोडलेली चित्रं बंद. त्या चित्रांखाली पाण्याची सूचना गाडली जाते म्हणून.

पाणी, लिफ्ट, वीज : सगळे रहिवासी पाहतील, लिहितील, विषय काढतील. भाडेकरूसुद्धा, मालकासारखेच.

सभासदांची चर्चा : दुरुस्ती, निधी, पुनर्विकास हे विषय. फक्त सभासद, मग ते इथे राहोत की बंगळुरूला.

कार्यकारिणी : कार्यकारिणीपुरताच. मंजूर झालेलं इतिवृत्त मात्र तिथून उचलून सभासदांच्या गटात आलंच पाहिजे, कारण ते पाहण्याचा त्यांना हक्क आहे. कुलूप लावताना कोणाचा हक्क तर आत कोंडला जात नाही ना, हेही पाहावं लागतं.

थकबाकी : याचा गटच नाही. ज्याची त्याला वैयक्तिक चिठ्ठी जाईल, खजिनदारांच्या खात्यातून. खतावणीचं पान ज्याचं त्याला.

उत्सव : गणपती, दिवाळी, सहल, या सगळ्यात सगळ्यांना सगळं. तिथे ७७७ चालेल.

आणि शेवटचा, तक्रार. इथे मी थोडी थांबते. आपल्याकडे भाड्याने राहणाऱ्या मुली आहेत. मागे एकीला पार्किंगमध्ये एका माणसाकडून त्रास झाला. तिला कोणी विचारलं, गटात का नाही लिहिलंस? ती म्हणाली, तो माणूस त्याच गटात आहे. तिला सगळं लिहायची सोय होती, पण कोण वाचणार हे ठरवायची सोय नव्हती. तिने गप्प राहणं पसंत केलं आणि पुढच्या महिन्यात खोली सोडली. तेव्हा तक्रारीचा गट असा हवा, की तिथे कोणीही चिठ्ठी टाकू शकेल, पण ती वाचता येईल टाकणाऱ्याला आणि तक्रार पाहणाऱ्या तिघांनाच. त्या तिघांत किमान दोन महिला असाव्यात, आणि तक्रार त्यांच्यापैकीच कोणाबद्दल असेल तर अध्यक्षांकडे वेगळी वाट असावी. सर्व्हरवर ही सोय पाच मिनिटांत होते. एका भूमिकेच्या नावाने खासगी पत्र पाठवायचं, बस. ते तिघं कोण, हे मात्र सभेनेच ठरवायचं.

आता यात कुठे गळती होते, तेही सांगायला हवं. नाहीतर सगळं छान झालं असं वाटून आपण निर्धास्त होऊ.

पहिली गळती : नवीन गट उघडला, की यंत्र आपणहून त्याच्यावर 'सगळ्यांना सगळं' असं लिहितं. भूमिका जोडण्याआधी ते पुसावं लागतं. तुम्ही कार्यकारिणीला परवानगी दिली आणि 'सगळे' ही ओळ तशीच ठेवली, तर कुलूप लावून दार उघडं ठेवल्यासारखं. परवानग्यांची बेरीज होते. एका माणसाच्या दोन भूमिका असतील तर ज्या भूमिकेत जास्त मिळतं ते त्याला मिळतं.

दुसरी गळती : मजकुराला कुलूप असतं, पण त्याला जोडलेल्या फोटोला आणि कागदाला असतंच असं नाही. अनेक प्रणालींत फाइलचा पत्ता ज्याच्या हाती लागला, त्याला ती उघडता येते. म्हणून आधार कार्ड, भाडेकरार, पोलीस पडताळणीचे कागद चर्चा-गटात टाकायचेच नाहीत. ते ऑफिसच्या कपाटात राहू द्या. २०२३ मध्ये देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. ज्या कामासाठी कागद घेतला त्याच कामापुरता तो वापरायचा, हे त्याच्या मुळाशी आहे.

तिसरी गळती : ईमेल. माणूस भूमिकेतून उठला की त्याला पुढचं दिसत नाही, पण आधी गेलेल्या मेल त्याच्या पेटीतून परत आणता येत नाहीत. किल्ली परत घेता येते, पाहिलेलं परत घेता येत नाही. म्हणून किल्ली देतानाच हात आखडता ठेवायचा. कामाला लागेल तेवढंच, काम असेल तोवरच.

आणि चौथी, जी ऐकून कदाचित तुम्ही अस्वस्थ व्हाल. सर्व्हर जो सांभाळतो त्याला सगळं दिसू शकतं. तक्रारीची चिठ्ठीसुद्धा. आज ती व्यक्ती मी आहे. मी वाचणार नाही असं मी इथे माइकवर सांगू शकते, पण संस्था माझ्या शब्दावर चालू नये. आपल्या चेकवर दोन सह्या लागतात, ते खजिनदार वाईट आहेत म्हणून नव्हे. तसंच इथेही हवं. सर्व्हरचा पासवर्ड दोघांकडे. त्यातली एक व्यक्ती कार्यकारिणीबाहेरची. आणि कोणी कोणाला कधी भूमिकेत बसवलं, कोणती परवानगी बदलली, याची नोंद यंत्र ठेवतंच, ती दर तीन महिन्यांनी छापून सभासदांच्या गटात. पाहारेकऱ्यावरही कोणाची तरी नजर पाहिजे, मग तो पाहारेकरी मी का असेना.

काही जण विचारतात, ॲडमिन म्हणून आम्ही कायद्याच्या कचाट्यात सापडणार का? मोबाइलच्या गटाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे, की सभासदाने काही आक्षेपार्ह टाकलं तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही. दोघांचा समान हेतू दिसला तर गोष्ट वेगळी. ॲडमिनच्या हातात माणसं घेणं आणि काढणं एवढाच मर्यादित अधिकार असतो, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं. पण कायद्याने मोकळं असणं आणि शेजाऱ्यांसमोर मान वर करून जिना चढणं, या दोन गोष्टी आहेत. आपण दुसरीचा विचार करतोय.

एका मुद्द्यावर आमच्या बैठकीत एकमत झालं नाही, ते झाकून ठेवणं बरोबर नाही. काही सभासदांचं म्हणणं, की भाडेकरूला पाण्याच्या गटात लिहायची परवानगी नको, वाचायला द्या. 'आज आहेत, अकरा महिन्यांनी नाहीत. उगाच वाद घालतील.' मला हे पटत नाही आणि का ते सांगते. शॉर्ट सर्किटचा वास पहिल्यांदा ज्याच्या नाकाला येईल तो मालक आहे की भाडेकरू, हे वास बघत नाही. मीटररूममधून धूर येतोय हे दिसलेल्या माणसाला लिहिता आलं नाही, तर नुकसान मालकाच्या भिंतीचं होणार आहे. पुनर्विकासावर त्याने बोलू नये, मान्य. तिथे त्याची भूमिका नाही. पण जिथे तो राहतो, पाणी भरतो, लिफ्टमध्ये अडकतो, तिथे त्याची भूमिका आहे. आणि अकरा महिन्यांचा प्रश्न यंत्र सोडवतं. करार संपण्याची तारीख ऑफिसात असतेच. त्या दिवशी त्याला 'रहिवासी' भूमिकेतून उठवायचं, किंवा करार वाढला तर तसाच ठेवायचा. हे काम ना-हरकत पत्र आणि पार्किंगच्या स्टिकरबरोबरच ऑफिसने करायचं. वेगळी आठवण ठेवायला नको.

तुम्हाला वाटेल माझं चुकतंय. मग सभेत बोला, हात वर करा, मोजू. सभेने ठरवलं तर मी त्याप्रमाणे कुलूप लावीन. मला फक्त एवढंच नकोय, की हा निर्णय मी एका रात्री माझ्या लॅपटॉपवर घ्यावा आणि तुम्हाला तो कधी कळूच नये. परवानगीचा तक्ता म्हणजे कोणाचा शब्द ऐकला जाईल आणि कोणाचा नाही, याचा ठराव असतो. तांत्रिक बाब म्हणून तो खाली ढकलला, की ठराव तसाही होतो, फक्त सभेविना होतो.

तेव्हा कार्यकारिणीकडे माझ्या तीन विनंत्या आहेत.

एक, हा तक्ता एका पानावर, साध्या मराठीत, येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत यावा. कोणता गट, कोणती भूमिका, कोणती किल्ली. सभेने मंजूर केला की तो ऑफिसच्या फलकावर, किल्ल्यांच्या फळीशेजारी लावावा.

दोन, पाच वर्षांनी कार्यकारिणी बदलते तेव्हा नवी मंडळी दप्तर, शिक्के, चेकबुक ताब्यात घेतात आणि यादीवर सही करतात. त्या यादीत एक ओळ वाढवावी : सर्व्हरवरच्या भूमिका सोपवल्या, जुन्या काढल्या. त्याच दिवशी, त्याच टेबलावर.

तीन, वर्षातून एकदा, साधारण गणपतीच्या आधी, प्रत्येक भूमिकेत कोण बसलं आहे ती यादी एखाद्याने मोठ्याने वाचावी. गेलेले, सोडून गेलेले, नंबर बदललेले लगेच कळतात. अर्धा तास लागतो. त्यासाठी मी नको, कॉम्प्युटरही नको. बी विंगच्या मावशींना बसवलं तर दहा मिनिटांत होईल. कोण कुठे राहतं आणि कोण सोडून गेलं, हे त्यांच्याइतकं कोणत्याही सर्व्हरला माहीत नाही.

तरुण मुलांना एक सांगते. तुमच्यापैकी जे कॉलेजात कॉम्प्युटर शिकतायत, त्यांच्यासाठी हे शिकण्याजोगं काम आहे. दर महिन्याला एकदा खोट्या रहिवाशाच्या, खोट्या भाडेकरूच्या, खोट्या सभासदाच्या खात्याने आत शिरायचं आणि जे दिसायला नको ते दिसतंय का, आणि जे दिसायला हवं ते दिसत नाहीये का, हे दोन्ही तपासायचं. कागदावरचा तक्ता आणि दारावरचं कुलूप एकच आहे ना, हे ढकलून पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन जण हवेत. नावं माझ्याकडे द्या, नाचानंतर.

पंचवीस वर्षांत आपण इथे बोअरवेल खणली, दोनदा रंग काढला, लिफ्ट बदलली, एकमेकांची आजारपणं काढली. एकमेकांबद्दल आपल्याला पुष्कळ माहीत असतं. शेजार म्हणजे तेच. पण माहीत असणं आणि सगळ्या सोसायटीच्या मोबाइलवर जाणं, यातलं अंतर राखणं ही आता शेजारधर्माचीच गोष्ट झाली आहे. ते अंतर राखायला यंत्र मदत करील. किती राखायचं ते तुम्ही सांगा.

मुलं मेकअप करून कधीची उभी आहेत. माझी वीस मिनिटं संपली.